कापणीच्या सणातला कांदा

दिलसुखनगर मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली इडलीच्या गाड्यावर अजून गर्दी आहे. नोव्हेंबरातला रविवार असल्याने हॉस्टेलची मुलं उशिरा उठली आहेत. कुणी खांद्यावर टॉवेल टाकून तसाच खाली आलाय. मेट्रोच्या खांबांवर बँक, एसएससी, ग्रुप टू, पोलीस भरती अशा क्लासच्या जाहिराती एकीवर एक डकवलेल्या. डोक्यावरून मियापूरची गाडी एलबी नगरकडे जाते. खालचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६५. पुढे विजयवाडा, आणि पाठ फिरवली तर जहीराबाद, उमरगा, सोलापूर, पुणे.

शेजारच्या मावशी माझा हात घट्ट धरून तो रस्ता ओलांडतात. "चल गं लवकर. पुढची जागा गेली तर कोंबड्यासुद्धा दिसायच्या नाहीत." मावशी मूळच्या नगरच्या. यजमान रेल्वेत, म्हणून सिकंदराबादेत आल्या आणि निवृत्तीनंतर इकडे. तेलुगू फर्डं बोलतात, भाजीवाल्याशी दखनीत भांडतात आणि प्रार्थना मराठीतून करतात. आज त्यांच्या मंडळीचा कापणीचा सण आहे, तेलुगूत कोता पंडुगा.

चर्चच्या दाराला दोन्ही बाजूंनी ऊस आणि केळीचे खांब. चपला बाहेर. आत वेदीपुढच्या पायऱ्यांवर तांदळाच्या गोण्या, दुधी, शेवग्याच्या शेंगा, पाय बांधलेल्या पाच-सहा कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या, एक नवी कोरी साडी, बेकरीचा केक आणि माणसाला एकट्याने उचलणार नाही असा भोपळा. शहरातली मंडळी आहे, शेत कुणाचंच नाही. बहुतेक माल आदल्या दिवशी बाजारातून आलेला. पपया आणि मोसंबी पूर्वी शेजारच्या गड्डीअन्नारमच्या फळबाजारातून आणायचे. तो बाजार बाटासिंगारमला हलला, त्या जागी आता मोठं सरकारी इस्पितळ उभं राहतंय. "नगरला आमच्याकडे ज्वारीची कणसं असायची, मेथीच्या जुड्या," मावशी कुजबुजतात. "इथं सगळं विकतचं. पण देवाला काय, पावती थोडीच दाखवायचीये."

पायरीच्या कडेला वेताची एक लहान टोपली आहे. पाच किलो कांदे असतील. सुटलेली फोलपटं काढून, मुळं कापून, एकेक पुसून लावलेले; लालसर गुलाबी, एकसारख्या आकाराचे. ते आणणारी बाई आमच्या पुढच्याच ओळीत बसली आहे. मलकपेट गंजात ती कांदा निवडते, म्हणजे दिवसभर ढिगापुढे उकिडवं बसून मोठा वेगळा, गोल्टी वेगळी, सडका वेगळा. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काळपट तपकिरी आहे आणि त्याच्या कडेला भेग. सणासाठी तिने निवडीतला माल उचललेला नाही, मजुरीच्या पैशातून विकत घेतलाय. हे मावशींनी मला सांगितलं, तिने नाही.

प्रवचन सुरू होतं. पाळक तरुण आहेत, आवाज खणखणीत. लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. शेत कापताना कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असा तिथला नियम. पाळक तो छान उलगडतात. रूथची गोष्ट येते, सासू-सुनेची, वेचलेल्या सातूची. मग शहराकडे वळतात: आपल्या पगाराचा कोपरा कुठला, ताटाचा कोपरा कुठला? माना डोलतात. दानपेट्या फिरतात आणि पाळक पुस्तक मिटतात.

मावशींनी मात्र आपलं मराठी पवित्र शास्त्र मिटलेलं नाही. पान तेच, बोट खाली सरकवत त्या मला दाखवतात. चार ओळी खाली मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे अडकवून ठेवू नये म्हटलंय. अध्यायाच्या शेवटाजवळ तराजू, वजनं आणि मापं खरी ठेवण्याची आज्ञा आहे. "हे कधी वाचत नाहीत," त्या म्हणतात. "कोपरा सोडा, हे दरवर्षी. काटा नीट धरा, हे नाही. मी पाळकबाबांना सांगितलं होतं. म्हणाले, मावशी, सण आहे, लोक आनंदात असतात."

ख्रिस्ती माणूस आणि गरिबी यांच्या नात्याबद्दल मी जे थोडंफार वाचलंय, ते सगळं या एका पानावर मावेल असं मला तिथे बसल्या बसल्या वाटतं. कोपऱ्याच्या बाजूला चर्चचं काम प्रचंड आहे: दवाखाने, अनाथालयं, दुष्काळातली खिचडी. काट्याच्या बाजूला आवाज पुष्कळ उठले. आमोस संदेष्टा माप लहान आणि किंमत मोठी करणाऱ्या व्यापाऱ्यांवर तुटून पडला होता. १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी आपल्या परिपत्रकात लिहिलं की दोन बाजूंचं बळ फार विषम असेल तर नुसत्या बाजाराच्या मोकळेपणातून न्याय होत नाही. पण दर रविवारी वाचलं जातं ते वरचं अर्धं पान.

लिलाव सुरू होतो आणि चर्चचा नूर पालटतो. पांढऱ्या शर्टातले एक वडीलधारे गृहस्थ माईक घेतात. "ओकटोसारी... रेंडोसारी..." पहिली कोंबडी आठशेला जाते, दुसरी बाराशेला. साडीवर दोन जावांची चढाओढ लागते आणि सगळ्या बायका दोन तट पाडून हसतात. केक एका मुलाच्या वाढदिवसासाठी त्याचे आजोबा घेतात, आणि घेतल्यावर परत लिलावात देऊन टाकतात. तोच केक आणखी दोनदा विकला जातो. एका बाईंनी मोबाईल उंच धरलाय, पडद्यावर डॅलसमधला मुलगा. तिकडे मध्यरात्र झाली असणार, पण बोली जोरात.

मग कांद्याची टोपली. सुरुवात शंभरपासून. डॅलसवरून पाचशे. मंडळीचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले, सहाशे म्हणतात. हजार. बाराशे. निवडणाऱ्या बाईने पदर तोंडावर घेतलाय. पंधराशे. अठराशे. खजिनदार उभे राहून एकवीसशे म्हणतात. "मूडोसारी!" टाळ्या. किलोला चारशे वीस रुपये. बाई मागे वळून मावशींना तेलुगूत काहीतरी सांगते आणि दोघी खळखळून हसतात. मावशी मला मराठी करून देतात: "म्हणते, हा भाव आमच्या शेठला कळला तर उद्या सगळे ट्रक इथंच उतरवील."

लिलावाची वही एक पोरगा लिहितोय. अक्षर वळणदार. जेवणाच्या पंगतीत तो माझ्या शेजारी येतो आणि माझं मराठी ऐकून चमकतो. आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरीकडचा, घरी मराठीच बोलतात. इथे हॉस्टेलात राहून ग्रुपच्या परीक्षेची तयारी करतोय. "ख्रिश्चन नाही मॅडम मी. मित्र आणते. जेवण चांगलं असते इथलं." प्रामाणिक उत्तर. भाताचं ताट बघता कारण पुरेसं आहे.

बापाची सहा एकर कोरडवाहू, सगळा कापूस. "गटात आहे न माहा बाबा," तो सांगतो. हा गट चेतना ऑरगॅनिक या संस्थेचा. २००४ साली आदिलाबाद, विदर्भ आणि ओडिशातल्या कापूसवाल्यांना घेऊन ती सुरू झाली, तेव्हा मागे दोन डच संस्था होत्या. त्यातली आयको ही तिथल्या प्रोटेस्टंट चर्चांची. दुसरी सॉलिडॅरिडाड, तीही चर्चांच्या पुढाकारातून निघालेली. पोराला हा इतिहास ठाऊक नाही. त्याला त्याचं शेवटचं टोक ठाऊक आहे. "कापसाच्या भावावरतं थोडे पैसे गटाच्या खात्यात येते. मीटिंग होते, त्याचं काय करायचं ते ठरते. पण सारा कापूस थोडीच तिकडं जाते? परदेशात गिऱ्हाईक असन तेवढाच. बाकीचा सीसीआयले, नाही तं व्यापाऱ्याले."

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. पण ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, घेत नाही, आणि पाऊस हटता हटला नाही. बाबांनी कापूस घरातच अंथरलाय. आई आणि बहीण ओसरीवर झोपतात. त्यात २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने आयात कापसावरचा अकरा टक्के कर उठवला, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबर अखेरपर्यंत. ज्या अमेरिकेचा कापूस त्यामुळे स्वस्त होऊन येणार, तिथल्या सरकारी अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत बारा वर्षं खटला चालवला. ब्राझील जिंकला, आणि २०१४ साली तीस कोटी डॉलर घेऊन प्रकरण मिटलं. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या आफ्रिकी देशांनीही २००३ पासून हेच गाऱ्हाणं मांडलं होतं. त्यांच्यापाशी ब्राझीलइतकं बळ नव्हतं. केरामेरीच्या ओसरीवर ही सगळी नावं कुणी घेत नाही. तिथे दलाल येतो आणि मूठभर कापूस दाबून बघतो.

समोरच्या बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ आमचं बोलणं ऐकताहेत. त्यांना मेदक आठवतं. इथली बरीच कुटुंबं मूळ त्या बाजूची, आणि चर्च ऑफ साउथ इंडियाचा हा धर्मप्रांतही मेदकचाच. दुष्काळात लोक पटापट मरत होते तेव्हा चार्ल्स वॉकर पॉस्नेट या मेथडिस्ट मिशनऱ्याने फुकट वाटण्याऐवजी काम काढलं: कॅथेड्रलचं बांधकाम. दहा वर्षं चाललं, २५ डिसेंबर १९२४ ला पूर्ण झालं. "आमच्या आजोबांच्या वडिलांनी दगड वाहिले," गृहस्थ सांगतात. "दगड वाहिले म्हणून जेवले." मजुरी काय होती, मी विचारते. ते विचार करतात. जेवण, ते पुन्हा म्हणतात.

मावशींच्या घरातही अशी एक गोष्ट आहे. त्यांच्या आजीची आई पंडिता रमाबाईंच्या केडगावची, १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या पोरींतली. "पण तिला हातमाग शिकवला हो बाईंनी. ती म्हातारपणी सांगायची, केडगावला मी जेवलेय त्यापेक्षा विणलंय जास्त." हे त्या ज्या ताठ्याने सांगतात, तो ताठा मेदकच्या गोष्टीत नव्हता.

हाच ताठा पुढे बाजारात न्यायचा उद्योग काही ख्रिस्ती माणसांनी केला. १९४६ साली एडना रूथ बायलर ही मेनोनाइट पंथाची अमेरिकन बाई पोर्तो रिकोला गेली, तिथल्या बायकांचं भरतकाम विकत घेतलं आणि मोटारीच्या डिकीत घालून ओळखीपाळखीत विकलं. भीक वाढायच्या ऐवजी गिऱ्हाईक आणलं. मेक्सिकोत ओआहाका प्रांतातल्या कॉफीवाल्यांत राहणाऱ्या फ्रान्स व्हान डर हॉफ या डच धर्मगुरूने १९८८ साली सॉलिडॅरिडाडच्या जोडीने मॅक्स हॅवेलार हा शिक्का काढला. आजच्या फेअरट्रेड शिक्क्याची ती सुरुवात. मुंबईत अंधेरीच्या झोपडपट्टीत सिस्टर इसाबेल मार्टिन यांनी १९८४ मध्ये बायकांना शिवणाला बसवलं, तिथून क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स उभी राहिली. इंग्लंडात ट्रेडक्राफ्ट १९७९ पासून चर्चांच्या सभागृहांत टेबलं मांडून चहा-कॉफी विकत होती. २०२३ च्या जानेवारीत ती कंपनी कोसळली. चांगल्या मनाची गिऱ्हाइकं म्हातारी झाली, आणि तसाच शिक्का सुपरमार्केटात स्वस्त मिळू लागला. लेवीयाच्याच पंचविसाव्या अध्यायातल्या योबेल वर्षाचं नाव घेऊन १९९८ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये हजारोंनी मानवी साखळी केली, गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणून. पुढे काही कर्जं माफ झालीही. मला या सगळ्यांबद्दल आदर आहे. पण केरामेरीचं पोरगं म्हणालं ते खरं: गिऱ्हाईक असेल तेवढाच.

सोमवारी सकाळी खजिनदारांच्या ऑटोत मावशी आणि मी मलकपेट गंजात येतो. नाताळाआधी वस्तीत प्रीतिभोजन आहे, तीनशे पानं. कालच्या लिलावाच्या पैशातून. त्याची कांद्याची तजवीज आजच करायची, कारण खजिनदारांच्या मते पुढे भाव चढेल.

गेटच्या आत पाय टाकताच डोळे चुरचुरतात. लांबच लांब शेड आणि शेडभर कांदा. एमएच १३, एमएच २५, एमएच १६ या पाट्यांचे ट्रक उलटे लावलेत. हमाल गोण्या पाठीवर घेऊन फळीवरून उतरताहेत, पायाखाली फोलपटांचा थर. एका बाजूला उन्हाळी जुना कांदा, चाळीत राहून काळा पडायला लागलेला. दुसऱ्या बाजूला नवा लाल. दोन्ही एकाच वेळी बाजारात आल्याने भाव बसलाय. कालची बाई ढिगापुढे बसली आहे, डोक्यावर रुमाल, मान खाली. मावशींना बघून हात हलवते. दुसरा निवडायचा थांबत नाही.

ढिगाशेजारी एक शेतकरी उभा आहे. पांढरी टोपी, मळकट सदरा. भूम तालुक्यातला. मराठी ऐकून तो जवळ सरकतो. रात्रभर गाडीत बसून आलाय. त्याचा लाल माल नऊशे रुपये क्विंटलने गेला; पंधरा गोण्यांवर बोलीच धड लागली नाही, त्या बाजूला ठेवल्यात. "दोन वर्साखाली बरा चढत व्हता, तवा निर्यात बंद केली," तो म्हणतो. डिसेंबर २०२३ ची बंदी. मे २०२४ मध्ये उठली, पण चाळीस टक्के निर्यातशुल्क राहिलं, ते पुरतं जायला एप्रिल २०२५ उजाडला. "तवर बाहीरची गिऱ्हाइकं दुसरीकडं लागली. आता सगळं मोकळं हाय, अन् घ्याला कुणी न्हाई." त्याच्या पलीकडच्या बार्शी तालुक्यात २०२३ च्या फेब्रुवारीत एकाने ५१२ किलो कांदा विकून खर्च वजा जाता २ रुपये ४९ पैसे घरी नेले होते. ती बातमी त्याने घडी घालून पाकिटात ठेवली नाही, पण आकडा पैशासकट तोंडपाठ आहे.

खजिनदार त्या पंधरा गोण्यांपाशी वाकतात. कांदा दाबून बघतात, मान वर न करता अडत्याच्या मुनीमाला विचारतात. मुनीम नऊ रुपये किलो सांगतो. खजिनदार सहापासून सुरुवात करतात. हा माणूस काल एकवीसशेची बोली देऊन उभा होता, हे मला समोर दिसत असूनही पटत नाही.

"छे में देदो भाई. चर्च का है. गरीबों का खाना है."

मुनीम शेतकऱ्याकडे बघतो. शेतकरी माझ्याकडे. मी मराठीत सांगते.

"गरिबाचं तर हे बी हाय की," तो म्हणतो. रागाने नाही, माहिती दिल्यासारखं.

मावशी हे जसंच्या तसं तेलुगूत खजिनदारांना सांगतात, आणि वर स्वतःचे चार शब्द घालतात. त्यात लेवीयकांडमु एवढं मला कळतं. खजिनदारांचा चेहरा पडतो. ते वाईट गृहस्थ नाहीत. मंडळीचा पैसा आहे, पै पैचा हिशेब पाळकांपुढे ठेवावा लागतो, जास्त भावाने घेतलं तर बैठकीत चारजण विचारतील. कालचे एकवीसशे त्यांच्या पेन्शनचे होते, तिथे विचारणारं कुणी नव्हतं. हे सगळं ते मावशींना समजावून सांगतात, हात जोडून. "काल देवासाठी होतं अम्मा. हे खर्चात धरायचं आहे."

"मग काल देवाने कांदा खाल्ला का?" मावशी मराठीतच विचारतात.

साडेआठ रुपयांना सौदा ठरतो. चार गोण्या. वर काट्यावरच्या हमालाला खजिनदार स्वतःच्या खिशातून पन्नास रुपये देतात, आणि ते वहीत लिहीत नाहीत. काटा टांगला जातो. मावशी चष्मा सावरून पुढे होतात आणि आकडा स्वतः वाचतात. मुनीम हसतो, पण गोणी पुन्हा नीट टांगतो.

शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. अक्षरं तेलुगू, आकडे इंग्रजी. मावशी एकेक ओळ वाचून दाखवतात: अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं. तो प्रत्येक ओळीला हं म्हणतो. खाली उरलेला आकडा बघून पट्टी सदऱ्याच्या आतल्या खिशात सारतो आणि मला विचारतो, "हे चर्चवालं साहेब काल देवासाठी काय म्हणत हुतं?"

मी सांगते. टोपली, पाच किलो, एकवीसशे.

तो क्षणभर हिशेब करतो. ओठ हलतात. मग टोपी मागे सारून असा मोठ्याने हसतो की ढिगावरच्या बायकाही वर बघतात.

"आन् हा सण वर्सातनं एकदाच का?" तो विचारतो. "पत्ता द्या ताई त्या चर्चाचा. पुढल्या वर्सी गाडी सरळ तिकडंच घालतो."

मावशी पिशवीतून पेन काढून पट्टीच्या मागे पत्ता लिहायला लागल्या आहेत.